विश्लेषण : आधी जॅझ, मग रॉक, मग शांतता… मुंबईचे ‘रंगभवन’ का थांबले? रेवदंड्याच्या किनाऱ्याने त्यातून काय घ्यावे?

रेवदंडा : ‘रंगभवन’ हे नाव आजच्या तरुण वाचकाला बहुतेक २६/११ मुळे माहीत असते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयाजवळच्या रंगभवन गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे पोलीस अधिकारी दहशतवाद्यांच्या गोळीबारात शहीद झाले. मात्र ज्या वास्तूमुळे या गल्लीला हे नाव मिळाले, ते धोबी तलावचे खुले नाट्यगृह त्याच्या काही वर्षे आधीच शांत झाले होते. एकेकाळी जगातले नामवंत जॅझ कलाकार आणि देशभरातले रॉक बॅण्ड ज्या मंचावर वाजवायचे, तो बंद पडण्याचे कारण प्रेक्षकांची कमतरता हे नव्हते. कारण होते त्याचा पत्ता.

ही गोष्ट मुंबईची असली तरी अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यात ती वाचण्यासारखी आहे. इथे गेल्या काही वर्षांत लॉन, रिसॉर्ट आणि फार्महाऊसवरची लग्ने वाढली. समुद्राच्या काठावर, डोक्यावर छप्पर नसलेले स्टेज आणि त्यावर डीजे, हे चित्र नेहमीचे झाले. रात्री दहा वाजले की आयोजक, शेजारी आणि पोलीस यांच्यात तोच वाद सुरू होतो. रंगभवनला जो नियम लागू झाला, तोच इथेही लागू आहे. तो नियम काय, तो का आला आणि त्यात कोणाचे किती बरोबर, हे समजून घेऊ.

रंगभवन नेमके काय होते?

दक्षिण मुंबईत धोबी तलाव भागात, महापालिका मार्गाजवळ राज्य सरकारच्या मालकीचे हे खुले नाट्यगृह. समोर मंच, त्यापुढे प्रेक्षकांच्या बैठका आणि वर मोकळे आकाश. एका बाजूला सेंट झेवियर्स महाविद्यालय, दुसरीकडे कामा रुग्णालय, जवळच गोकुळदास तेजपाल म्हणजेच जी. टी. रुग्णालय आणि एस्प्लनेड न्यायालय. सीएसएमटी आणि चर्चगेट ही दोन्ही स्थानके पायी अंतरावर. त्यामुळे कल्याणहून येणारा असो वा बोरिवलीहून, कार्यक्रम संपल्यावर लोकल पकडून घरी जाता यायचे.

मोठ्या सभागृहांच्या तुलनेत इथले वातावरण सैल होते. विद्यार्थ्यांना परवडेल असे तिकीट, बसायला जागा नसेल तर उभे राहण्याची मुभा आणि मंचापासून फार लांब नसलेला प्रेक्षक, ही रंगभवनची ओळख होती.

तिथे काय गाजले?

सर्वात आधी नाव येते ‘जॅझ यात्रा’चे. निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने ‘जॅझ इंडिया’ या संस्थेने १९७८ मध्ये हा महोत्सव सुरू केला. पहिल्याच वर्षी अमेरिकेचे विख्यात सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स रंगभवनच्या मंचावर आले. रॉलिन्स यांना मुंबई नवी नव्हती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते पवईच्या आश्रमात राहून गेले होते. पण जगातल्या पहिल्या फळीतला जॅझ कलाकार मुंबईच्या मोकळ्या हवेत, साध्या श्रोत्यांसमोर वाजवतो, हे त्या काळात अप्रूपच होते.

या महोत्सवाने येथील कलाकारांनाही मंच दिला. लुई बँक्स आणि गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांच्यासारख्या कलाकारांनी भारतीय रागसंगीत आणि जॅझ यांचा मेळ घातला. ‘जॅझ यात्रा सेक्स्टेट’ या नावाने त्यांचा संच परदेशातही वाजवू लागला. मुंबईच्या हॉटेलांत आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत पिढ्यान्‌पिढ्या वाजवणाऱ्या गोमंतकीय वादकांची कला इथे पडद्यामागून पुढे आली.

दुसरे नाव ‘इंडिपेंडन्स रॉक’चे, तरुणांच्या भाषेत ‘आय-रॉक’चे. फरहाद वाडिया यांनी १९८६ मध्ये हा महोत्सव सुरू केला. १५ ऑगस्टच्या आसपास, म्हणजे ऐन पावसाळ्यात, उघड्यावर रॉक ऐकायला मुले यायची. पाऊस आला तर भिजत ऐकायची. तेव्हा ना यूट्यूब होते ना स्पॉटिफाय. आपल्या देशातला बॅण्ड स्वतःची गाणी प्रत्यक्ष वाजवताना पाहायचा असेल तर अशा कार्यक्रमांशिवाय दुसरा मार्ग फारसा नव्हता. उदय बेनेगल आणि महेश तिनईकर यांचा ‘रॉक मशीन’ हा बॅण्ड याच काळातला. पुढे १९९३ मध्ये त्याने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले.

मग बंद का पडले?

याचे उत्तर १४ फेब्रुवारी २००० या तारखेत आहे. त्या दिवशी केंद्र सरकारने पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ खाली ध्वनिप्रदूषण (नियमन आणि नियंत्रण) नियम, २००० जाहीर केले. त्यात दोन गोष्टी रंगभवनच्या मुळावर येणाऱ्या होत्या.

पहिली गोष्ट ‘शांतता क्षेत्रा’ची. रुग्णालये, शैक्षणिक संस्था आणि न्यायालये यांच्याभोवती किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र मानला गेला. रंगभवनच्या भोवती तर रुग्णालय, महाविद्यालय आणि न्यायालय असे तिन्ही होते.

दुसरी गोष्ट या क्षेत्रात काय चालणार नाही याची. नियम ६ नुसार शांतता क्षेत्रात संगीत वाजवणे, ध्वनिवर्धक वापरणे, ढोल-ताशा बडवणे, इतकेच नव्हे तर गर्दी जमवणारे नकलांचे वा संगीताचे प्रयोग करणे हेसुद्धा दंडनीय ठरते. म्हणजे खुल्या नाट्यगृहात जे जे होते, ते जवळपास सगळेच.

नियम आले तरी अंमलबजावणी लगेच झाली नाही. मुंबईत गोंगाटाविरुद्ध काम करणाऱ्या नागरिकांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केल्या. त्यात सुमैरा अब्दुलअली आणि डॉ. यशवंत ओक ही नावे प्रमुख होती. २००३ च्या सुमारास शांतता क्षेत्रांचा नियम मुंबईत काटेकोरपणे लागू होऊ लागला आणि रंगभवनमधले कॉन्सर्ट थांबले.

५० डेसिबल म्हणजे नेमके किती?

नियमांत प्रत्येक भागासाठी आवाजाची मर्यादा ठरलेली आहे. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० आणि रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६.

– औद्योगिक क्षेत्र : दिवसा ७५, रात्री ७० डेसिबल
– व्यापारी क्षेत्र : दिवसा ६५, रात्री ५५ डेसिबल
– निवासी क्षेत्र : दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल
– शांतता क्षेत्र : दिवसा ५०, रात्री ४० डेसिबल

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. डेसिबल हे किलो किंवा लिटरसारखे सरळ मोजमाप नाही. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, २० वाढले की शंभरपट. म्हणून ६० हा आकडा ५० पेक्षा ‘थोडासा’ जास्त दिसतो, पण प्रत्यक्षात तसे नसते.

आता साधा हिशेब करू. समजा, मंचापासून १० मीटरवर रॉक बॅण्डचा आवाज १०० डेसिबल आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे २० मीटरवर ९४, ४० मीटरवर ८८ आणि १०० मीटरवर ८०. रुग्णालयाच्या भिंतीशी मर्यादा आहे ५०. मध्ये काहीच अडथळा नसेल तर आवाज ५० वर यायला तीन किलोमीटरहून जास्त अंतर लागेल. म्हणजे धोबी तलावहून जवळपास मुंबई सेंट्रलपर्यंत.

प्रत्यक्षात इमारती आवाज अडवतात, हवा तो थोडा शोषते आणि स्पीकरची दिशाही बदलता येते. पण बासचा धडधडणारा आवाज भिंतींना सहज दाद देत नाही. आणि कामा हे स्त्रिया व मुलांचे रुग्णालय आहे. तिथे नुकत्याच बाळंत झालेल्या बायका आणि तान्ही बाळे असतात. आवाज थोडा कमी करून दोघांनाही चालेल असा मधला मार्ग निघेल, अशी स्थितीच तिथे नव्हती. छप्पर नसलेला मंच आणि १०० मीटरच्या आतले रुग्णालय हे गणित मुळातच सुटणारे नाही.

आधी कोण आले, रुग्णालय की मंच?

संगीतप्रेमींची एक नेहमीची तक्रार असते. कॉन्सर्टची जागा आधीपासून असते, मग शेजारी इमारत उभी राहते आणि नवे रहिवासी आवाजाची तक्रार करतात. ही तक्रार अनेक शहरांत खरी आहे. इंग्लंडने २०१८ मध्ये आपल्या नियोजन धोरणात यावर तोडगा घातला. जो नंतर येईल त्याने आवाज अडवण्याची सोय आपल्या खर्चाने करायची, असे ते तत्त्व. जुन्या संगीतगृहाशेजारी नवे फ्लॅट बांधायचे असतील तर जाड काचा आणि ध्वनिरोधक भिंतींची जबाबदारी बिल्डरची.

पण हे तत्त्व रंगभवनला वाचवू शकले नसते. सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६९ चे, जी. टी. रुग्णालय १८७४ चे आणि कामा रुग्णालय १८८६ चे. शेजारी आधी होते, मंच नंतर आला. ज्या काळात रंगभवन उभे राहिले त्या काळात ध्वनिवर्धक आजच्याइतके ताकदवान नव्हते आणि शांततेचा असा कायदाही नव्हता. जागा निवडताना चूक झाली, असे तेव्हा कोणाला वाटण्याचे कारण नव्हते. संगीताचा आवाज वाढत गेला, पत्ता तोच राहिला.

न्यायालयांनी याबाबत भूमिका स्पष्ट केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात म्हटले की, बोलण्याचे आणि व्यक्त होण्याचे स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याला ऐकायला भाग पाडण्याचा हक्क नव्हे. शांतपणे झोपता येणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. १६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर राज्यासाठी सविस्तर आदेश दिले.

आता शांतता क्षेत्राचा नियम बदलला आहे का?

होय. १० ऑगस्ट २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने अधिसूचना काढून जाहीर केल्याशिवाय कोणताही भाग शांतता क्षेत्र ठरत नाही. आपोआप लागू होणारे १०० मीटर संपले. मुंबई उच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०१७ रोजी या दुरुस्तीला स्थगिती दिली, पण तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशालाच स्थगिती दिली.

याचा अर्थ रुग्णालयाशेजारी काहीही वाजवता येते, असा मात्र नाही. शांतता क्षेत्र जाहीर नसले तरी त्या भागाची निवासी किंवा व्यापारी मर्यादा आणि रात्री दहाचा नियम कायम राहतो.

रात्री दहाचा नियम सर्वांना सारखा आहे का?

नियमात बंद आणि खुली जागा असा फरक आहे. सभागृह, परिषद कक्ष, बँक्वेट हॉल अशा बंद जागेत, आतल्या लोकांपुरता ध्वनिवर्धक रात्री दहानंतरही चालतो. खुल्या जागेत चालत नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर केवळ लाऊडस्पीकरच नव्हे, तर वाद्यांनाही हा नियम लागू झाला.

सवलत एकच आहे. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत परवानगी देऊ शकते. त्यानुसार जिल्ह्याची यादी दरवर्षी जाहीर होते. गणेशोत्सव, नवरात्र अशा सणांतले ठरावीक दिवस त्यात येतात.

याचा फटका केवळ रॉकला बसला असे नाही. पुण्यात भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा. पहाटेचे राग पहाटेच ऐकायला मिळायचे. दहाच्या नियमानंतर मैफली दुपारी सुरू होऊ लागल्या. यात्रेतला तमाशाही रात्रभर रंगायचा. आता फडमालकाला वेळेच्या आत वग आटोपावा लागतो. म्हणजे रंगभवन हे एकट्याचे उदाहरण नाही. उघड्यावर, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या कलांची महाराष्ट्रात जी मोठी परंपरा होती, तिचे वेळापत्रकच बदलले.

मग रंगभवनचे पुढे काय झाले?

संगीत थांबल्यावर या मोक्याच्या जागेचे काय करायचे, हा प्रश्न अनेकदा चर्चेत आला. इथे मराठी भाषा भवन उभारण्याचीही घोषणा झाली होती. तो विचार मागे पडला. मराठी भाषा भवनाचे भूमिपूजन अखेर २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, चर्नी रोड येथे झाले.

खुले नाट्यगृह बंदिस्त करून वापरात आणणे हा एक पर्याय नेहमी सुचवला जातो. नियमाच्या दृष्टीने तो बरोबर आहे, कारण भिंती आणि छप्पर आले की आवाज आत राहतो. पण मग ते रंगभवन राहत नाही, आणखी एक सभागृह होते. पावसात भिजत गाणे ऐकण्याची जी मजा होती, ती छपराखाली आणता येत नाही.

प्रेक्षक मात्र कुठेही गेले नाहीत. आय-रॉक पुढे अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर झाला आणि काही वर्षांच्या खंडानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये माझगावच्या बंदर भागात परतला. रेवसच्या लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरणाऱ्यांना हा भाग माहीत आहे. जानेवारी २०२३ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘लोलापलूझा’ झाला. १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये ‘कोल्डप्ले’चे कार्यक्रम झाले. ही सगळी ठिकाणे मोठी आहेत आणि तिथल्या तिकिटांचे दरही तसेच मोठे. विद्यार्थ्याला परवडणारा, मध्यम आकाराचा, स्टेशनजवळचा खुला मंच जो गेला, तो गेलाच. खरे नुकसान तिथे आहे.

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर हा नियम कसा लागू होतो?

खुल्या जागेत ध्वनिवर्धक लावायला लेखी परवानगी लागते. सार्वजनिक जागी कार्यक्रम असेल तर हद्दीवरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापलीकडे जाता कामा नये. खासगी जागेत, म्हणजे फार्महाऊस वा लॉनवर, ही सूट फक्त ५ डेसिबलची आहे. निवासी भागातल्या लॉनच्या कुंपणाशी दिवसा ६० डेसिबल, म्हणजे साधारण मोठ्याने चाललेल्या गप्पांइतका आवाज. रात्री दहानंतर तर वाजवणेच बंद.

नियम मोडल्यास पर्यावरण (संरक्षण) कायद्याखाली कारवाई होते. एप्रिल २०२४ पासून या कायद्यात तुरुंगवासाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तक्रार ११२ वर करता येते.

किनाऱ्याची एक खास अडचण आहे. संध्याकाळनंतर पाण्याजवळची हवा थंड आणि वरची उबदार राहिली तर आवाज वर निघून जाण्याऐवजी खाली वळतो आणि पाण्यावरून लांबपर्यंत जातो. त्यामुळे कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंड्यात लावलेले गाणे खाडीपलीकडे कोर्लईतही ऐकू येऊ शकते. ‘आजूबाजूला घरेच नाहीत’ हे आयोजकाचे म्हणणे खाडीकाठी नेहमीच खरे असेल असे नाही. पहाटे बोट घेऊन जाणाऱ्या कोळी बांधवाची झोप लवकर सुरू होते, हेही विसरून चालत नाही.

दुसरीकडे, सगळाच आवाज बंद करणे हेही उत्तर नाही. चौल-भोवाळे येथील दत्ताची जत्रा पाच दिवस चालते. कोळीवाड्यांतल्या पालख्या, भजने, नाटके यांना मोकळी जागाच लागते. विना-ध्वनिवर्धक गाणाऱ्याचा किंवा बोलणाऱ्याचा खणखणीत आवाज एक मीटरवर ७० डेसिबल धरला तरी दहा मीटरवर तो ५० वर येतो. म्हणजे वेळ पाळली तर छोट्या कार्यक्रमाला फारसा अडथळा नाही. प्रश्न येतो तो मोठ्या स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात तेव्हा.

म्हणून नवे लॉन, नवा खुला मंच किंवा गावाचा रंगमंच उभारताना पाहायच्या गोष्टी सोप्या आहेत. सर्वात जवळचे रुग्णालय, शाळा आणि वस्ती किती मीटरवर आहे? स्पीकरचे तोंड कोणत्या दिशेला राहील? रात्रीचा वारा साधारण कुठून कुठे वाहतो? कार्यक्रम दहाच्या आत संपेल असा सुरू होतो का? या प्रश्नांची उत्तरे बांधकामाच्या आधी शोधली तर खर्च नाही. नंतर शोधली तर रोजची भांडणे, दंड आणि शेवटी रिकामे स्टेज.

रंगभवनकडे सरकारची जागा होती, जगभरातून येणारे कलाकार होते आणि पावसातही न हलणारा प्रेक्षक होता. एवढे सगळे असूनही मंच थांबला, कारण भिंतीपलीकडे रुग्ण झोपलेले होते. खुल्या मंचाचे आयुष्य शेवटी त्याचे शेजारीच ठरवतात. मुंबईने जागा निवडली तेव्हा हे कोणाला माहीत नव्हते. रायगडच्या किनाऱ्याला ते आता माहीत आहे.